सुपाचा विटाळ

दिवाळी सरली, की पौड रस्त्याच्या कडेनं जे काही भात अजून शिल्लक आहे ते पिवळं पडतं आणि माझं डोकं फिरायला लागतं. पिरंगुटच्या अलीकडं आता शेत शोधावं लागतं. 'निसर्गाच्या कुशीत तुमचं दुसरं घर' असे फलक दिसतात, आणि फलकाखाली निसर्ग जेसीबीनं सपाट केलेला असतो. अशा दोन फलकांच्या मधे एखादा पट्टा सापडतो. चार बाया वाकून कापत असतात, बांधावर पाण्याची कळशी असते, आणि गाडीची काच खाली केली की इंद्रायणी भाताचा तो ओलसर, दुधासारखा वास आत येतो. या वासानं लोकांना भूक लागते म्हणे. मला हिराकाकी आठवते. आणि हिराकाकी आठवली की मला कुणाला तरी कडाकडा चावावंसं वाटतं.

हिराकाकी म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. गेल्या पौषात गेली, गर्भपिशवीच्या कॅन्सरनं. आणि मी पोटासाठी काय करते, तर गर्भपिशवीच्या कॅन्सरवर संशोधन. हसायला हरकत नाही. दहाव्याला दोघं-तिघं हसलेच. एक जण दुसऱ्याला सांगत होता, की एवढी विद्या हातात असून हिला घरातली बाई वाचवता आली न्हाई. त्याला वाटलं मला ऐकू जात नाही. मी वळून बघितलं, तर लगेच कावळ्याकडं बघायला लागला.

पुण्यात एका संस्थेत माझी प्रयोगशाळा आहे. बायकांच्या गर्भपिशवीत, अंडाशयात, गर्भाशयाच्या मुखाशी गाठ कशी धरते, कशी पसरते, कुठं अडते, याचा आम्ही माग काढतो. माझ्या नावावर बरेच निबंध छापून आलेत. इंग्रजीत, बारीक टायपात, आणि ते वाचणारे सगळे मिळून आमच्या गावच्या एका लग्नाच्या पंगतीतही मावतील. गावात हे समजावणं अवघड. काकांनी एकदा विचारलं होतं, की तू नक्की डाक्टर हायेस का न्हाईस. मी म्हटलं, माणसं तपासत नाही, पेशी तपासते, आणि उंदरांवर औषध करून बघते. काकांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, उंदराच्या बायकूला बी गर्भपिशवी असती व्हय. तेव्हापासून मी गावात उंदराची डाक्टरीण. मला ते नाव आवडायचं. उंदीर निदान खोटं तरी बोलत नाहीत.

एवढ्या वर्षांत मी एकच गोष्ट खऱ्या अर्थानं शिकले. गाठ एकटी कधीच वाढत नाही. बिघडलेली पेशी एकटी असते तेव्हा तिची ताकद ती काय. पण तिच्या आजूबाजूला चांगल्या, निरोगी, घरंदाज पेशी असतात ना, त्या तिला सांभाळून घेतात. कुणी अन्न आणून देतं, कुणी रस्ता करून देतं, पहारा द्यायला ठेवलेल्या पेशी बघूनही न बघितल्यासारखं करतात. त्यांच्यात वाईट कुणीच नसतं. सगळ्या आपापला शेजारधर्म पाळत असतात, आणि त्या शेजारधर्मानंच बाई मरते. हे मी इंग्रजीत लिहिलं, तेव्हा माझा सत्कार झाला. हेच मी आमच्या अंगणात मराठीत बोलले असते, तर चपलेनं मार खाल्ला असता.

सुगी म्हटलं की मला आधी थंडी आठवते. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली की वडील मला गावी आणून सोडायचे ते शाळा उघडेपर्यंत. पहाटे गवतावर दव, पायाला भाताच्या धसकटांचे ओरखडे, अंगभर पेंढ्याची खाज, आणि चुलीवर नव्या तांदळाची पेज. मग दारामागचं खळं. पाणी मारून, चोपून, शेणानं सारवून ते असं तयार व्हायचं की त्यावर जेवून घ्यावं. आम्हा पोरांना खळ्यावर चपला चालायच्या नाहीत, शिट्टी चालायची नाही. भात झोडलं, उफणलं, त्याची रास लागली की तिची पूजा व्हायची आणि मग मापं पडायची. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. तो 'लाभ' म्हणायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. ती सूप हातात घेऊन उभी राहिली, की एरवी तिला हाड म्हणणारा पुरुषही चपला काढून, तोंड मिटून बाजूला उभा राहायचा. वर्षाकाठी तेवढा एक दिवस.

पण थोरली म्हणजे वयानं थोरली एवढंच पुरेसं नव्हतं. पाळी येणारी बाई सुगीत कधी अडचणीत येईल याचा भरवसा नाही, आणि खळ्याला विटाळ चालत नाही. म्हणून जिची पाळी गेली, जी 'सुटली', तिच्याच हातात सूप. हिराकाकी लग्न होऊन आली तेव्हा ते सूप माझ्या आजीच्या हातात होतं, आणि आजी चिवट. काकीचं अंगावरून जाणं पहिल्यापासून जास्त, आणि नेमकं सुगीत यायचं. मग ती गोठ्याच्या पडवीत बसायची. बसायची म्हणजे झोपायला तिथं. दिवसभर तिला लांबच्या वावरात कापायला पाठवायचे. दोन गड्यांचं काम करायची ती त्या दिवसांत, रक्त जात असताना, वाकून. त्याचा कुणाला विटाळ झाला नाही. विळ्याला विटाळ नसतो, सुपाला असतो. संध्याकाळी ती पडवीतून बघायची. तिनं कापलेलं भात खळ्यावर यायचं, आजी 'लाभ' म्हणायची, आणि काकीच्या ताटात लांबून भाकरी टाकली जायची.

आजी गेली, आणि पुढं एक-दोन सालांत काकीची पाळी गेली. त्या दिवशी तिनं पुरणपोळ्या केल्या. कसला सण म्हणून काका विचारत राहिले. तिनं सांगितलं नाही. मला मात्र परसात नेऊन कानात सांगितलं, आणि सांगताना जी हसली, तसं हसताना मी तिला तिच्या पोराच्या लग्नातही बघितलं नाही. त्या सुगीला काकी खळ्यावर उभी राहिली ती थेट पाटलीणच. काकांना म्हणाली, टोपी नीट करा. सून सारिकाला म्हणाली, पदर खोच. मला म्हणाली, तू शिकलेली असशील पुन्याला, हितं गप ऱ्हायचं. गावात मळणीयंत्र केव्हाच आलं होतं. तासाभरात काम उरकायचं. दत्ता, तिचा मुलगा, पिरंगुटच्या कंपनीत शिफ्ट करून यायचा आणि त्याला ही झोडणी, उफणणी सगळी कटकट वाटायची. पण काकी होती तोवर आमचं भात खळ्यावरच आलं. झोडायला दोन गडी, उफणायला शेवंता.

शेवंता म्हणजे शेजारची. शेळ्या राखायची, रोजानं जायची, नवरा केव्हाच वारलेला. जमिनीचा तुकडा नाही. काकीहून थोडी लहान, आणि काकीच्या शब्दाबाहेर नाही.

मधे गावातल्या बचत गटाच्या बायकांनी मला बोलायला बोलावलं. समाजमंदिरात सतरंजी अंथरली, वर पंखा गरगरत होता. मी भीडभाड ठेवली नाही. म्हटलं, बायांनो, पाळी जाऊन वर्ष झालं आणि परत रक्ताचा एक ठिपका जरी दिसला, तरी ती पाळी नव्हे. तो इशारा आहे. गर्भपिशवीचा कॅन्सर हा त्यातल्या त्यात सभ्य चोर आहे, आत शिरतानाच दार वाजवतो. तेव्हाच ऐकलं तर पिशवी काढून बाई ठणठणीत होते. ऐकलं नाही तर मग माझ्यासारख्यांच्या निबंधात जाते. बायका हसल्या. काकी सगळ्यांत पुढं बसली होती, मान डोलावत होती, मधेच कुजबुजणाऱ्या दोघींना तिनं दटावलं. नंतर चहाचे कप तिनंच फिरवले.

आणि महिनाभरात तिनं शेवंताला धरून पिरंगुटच्या दवाखान्यात नेलं. शेवंताच्या लुगड्यावर डाग दिसला होता म्हणे. तिथून पुण्याला, तपासणी, लहानशी गाठ, ऑपरेशन. शेवंता आज शेळ्यांच्या मागं डोंगर चढते. मी ही गोष्ट चार परिषदांत सांगितली. माझ्या गावची एक अडाणी बाई एका व्याख्यानानंतर दुसरीचा जीव वाचवते, असं म्हटलं की सगळं सभागृह टाळ्या वाजवायचं. काकीचा एक फोटोही दाखवायचे मी, सूप घेऊन उभी असलेला.

आता त्या सुगीचं सांगते. परवाच्या सालची सुगी. भात बरं आलं होतं. मी दोन दिवस रजा टाकून गेले, तर काकी निम्मी झालेली. गळ्याची हाडं वर आलेली, लुगडं गर्द काळपट, आणि खळ्यावर सकाळपासून धूप. एवढा धूप कशाला म्हटलं, तर म्हणाली देवाचं हाय, असू दे. सारिका म्हणाली आत्याबाईंना साखर झाली असंल. मी काकीला गोठ्यामागं नेलं आणि सरळ विचारलं, अंगावरून काही जातं का? तिनं जाताना सुपातलं मूठभर भात उचललं होतं. ती मूठ तिनं माझ्यासमोर धरली.

"हातात लक्ष्मी हाय माज्या," ती म्हणाली. "काय बी न्हाई."

आमच्याकडं भात मुठीत घेऊन कुणी खोटं बोलत नाही. कोर्टात गीतेवर हात ठेवून बोलतील, देवळात बोलतील, पोराच्या डोक्यावर हात ठेवूनही बोललेले मी बघितलेत. भातावर नाही. तीन-तीनदा तपासल्याशिवाय मी उंदराचं वजनसुद्धा खरं मानत नाही, पण त्या मुठीवर विश्वास ठेवला, आणि आमच्या गावात जन्मलेल्या कुणीही ठेवला असता. मला लोक विचारतात, तुला अपराधी वाटत नाही का? नाही वाटत. मला राग येतो, आणि तो शिळा होत नाही.

दुसऱ्या दिवशी रास लागली. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. काका अनवाणी, दत्ता अनवाणी, गडी खाली मान घालून उभे. काकीनं माप भरायला वाकून हात घातला आणि 'लाभ' म्हणायच्या आतच सारिकाचं लक्ष तिच्या टाचेकडं गेलं. रक्ताची धार टाचेवरून खाली, सारवलेल्या जमिनीवर आली होती. लाल तरी कसली, काळसर. सारिकानं अगदी साधेपणानं विचारलं, आत्याबाई, कवापासनं? खळ्यावर खोटं बोलायचं बळ काकीत उरलं नव्हतं बहुतेक. म्हणाली, मागल्या सुगीच्या आदीपासनं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. गडी मागं सरले. आणि काका, ज्यांच्याबरोबर ती सगळा जन्म राहिली, ते वळले, कडेला काढून ठेवलेल्या चपला पायात घातल्या आणि खळ्यावरूनच चालत घरात गेले. मी माणसाच्या आतली पुष्कळ घाण काचेखाली बघितली आहे. त्या चपलांएवढं ओंगळ काही बघितलं नाही.

मी दत्ताला म्हटलं, गाडी काढते, काकीला धर, चल. दत्तानं राशीकडं बघितलं.

"आदी खळं निस्तरू," तो म्हणाला. "रास उगडी ठिवता येत न्हाई. मग बगू."

सारिका गोमूत्र आणायला पळाली होती. काकीला कुणीतरी पडवीत बसवलं, त्याच जुन्या जागेवर, आणि ती मुकाट बसलीसुद्धा. मी तिला उठवलं. गाडीपाशी आलो तर सारिकानं एक रिकामं पोतं पुढं केलं, शिटावर टाका, गाडी खराब हुईल. तिचा हेतू चांगलाच होता. हेतू सगळ्यांचेच चांगले होते, आपल्याकडं वाईट हेतूनं कुणी कुणाला मारत नाही. आमच्याबरोबर आली ती फक्त शेवंता. मागं काकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. आरशात मला खळं दिसत होतं, त्यावर पाणी शिंपडणं चाललं होतं.

पिरंगुटच्या चौकात कंपन्यांची पाळी सुटली होती. बस, टेम्पो, दुचाक्या, आम्ही अडकलो. तिथं मी बोलले. बोलू नये ते बोलले. म्हटलं, काकी, तू समोर बसली होतीस, सगळं ऐकलंस.

"ऐकलं की. समाजलं बी. तवाच तर शेवंताला धाडली."

"आणि तू?"

"शेवंताला कुटं खळं हाय?"

शेवंता मागं बसूनच होती. ती काकीच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसत राहिली. शेवंताकडं हरवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती दवाखान्यात गेली आणि जगली. काकीला उभ्या जन्मात एकच गोष्ट मिळाली होती, आणि एक ठिपका दाखवला की ती जाणार होती. पुन्हा पडवी, पुन्हा लांबून फेकलेली भाकरी. झाकली मूठ सव्वा लाखाची. चोरानं दार वाजवलं, काकीला ते स्पष्ट ऐकू आलं, कोण आहे तेही कळलं, आणि तिनं आतून कडी घातली. अज्ञान म्हणून मी सगळीकडं सांगत फिरत होते ते हे असं होतं.

तपासण्यांत जे निघायचं ते निघालं. पिशवीची भिंत ओलांडून, शेजारच्या लसीकाग्रंथींपर्यंत, वर पोटात. मला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती हेच वाईट. अशा बायका किती काळ जगतात याचा एक आलेख असतो. वरून सुरू होतो आणि जिन्यासारखा खाली उतरत जातो, एकेक बाई गेली की एकेक पायरी. मी तो जिना आयुष्यभर काढत आले. मागून आलेल्या काकांना डॉक्टर काही बरंबरं सांगत होते तेव्हा मला काकी कुठल्या पायरीवर उभी आहे ते दिसत होतं.

गावात तोवर निकाल लागला होता. तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस झाला आणि उघड्यावरच्या पेंढ्याबरोबर अजून खळ्यावरच असलेली निम्मी रास भिजून तिला मोड आले. हिराबाईनं इटाळात खळं तुडवलं, दुसरं काय व्हनार. मागच्या साली भातावर पडलेला करपा रोगही तिच्याच नावावर लावला. एवढ्या झटपट कार्यकारणभाव मला प्रयोगशाळेत कधी जुळवता आला नाही. कॅन्सर म्हणजे लक्ष्मीनं दिलेली शिक्षा, हेही ठरलं. आणि हे सगळं भेटायला आलेल्या बायकांनी सफरचंदांबरोबर काकीच्या उशाशी आणून ठेवलं. काकीला ते पटलं. तिनं हात जोडले. मी त्या बायकांना खोलीतून हाकललं, तर काकीच मला रागावली.

ऑपरेशनच्या दिवशी दत्ता मला बाहेर बाकावर भेटला. दोन कप चहा घेऊन आला होता. चुळबुळ करून म्हणाला, ताई, एक बोलायचं व्हतं. दारामागचा पट्टा, खळ्यासकट, त्यानं आणि काकांनी पावसाळ्यातच एका बंगल्यांच्या स्कीमला देऊन टाकला होता. इसार झाला होता, पौडला कागद झाला होता, फक्त ताबा सुगीनंतर द्यायचा ठरलं होतं. आईला सांगितलं नव्हतं. घरात सगळ्यांना माहीत, गड्यांना माहीत, शेवंतालाही माहीत. म्हटलं, आईची एवढी एक सुगी हौस हू दे, दत्ता म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याला वाटत होतं त्यानं आईवर माया केली.

म्हणजे ती ज्या खळ्यासाठी आतून सडत होती, ते तिच्या पायाखालून आधीच गेलं होतं. विकलेल्या जमिनीवर उभं राहून ती सगळ्यांना चपला काढायला लावत होती, आणि सगळे काढत होते, एकमेकांकडं बघत. मी चहा ओतून टाकला. दत्ताला काय बोलले ते लिहीत नाही.

काकी शुद्धीवर आली आणि तिनं पहिलं काय विचारलं असेल? सगळं काढलं न्हवं? मी म्हटलं, हो, पिशवी, अंडाशय, सगळं. तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी कविता करत नाहीये. म्हणजे आता कायमचीच सुटले, म्हणाली, आता इटाळ कुठनं येनार. पुढं वीज, म्हणजे किरणोपचार दिले, सलाईनमधून औषधं दिली, केस गेले, तोंड आतून सोलून निघालं, आतडी जळाली. तिनं कशाला नाही म्हटलं नाही. नर्स म्हणायच्या, या आजींकडून शिकावं. तिला मरणाची भीती नव्हती, ती पुढच्या सुगीसाठी स्वतःला शुद्ध करून घेत होती. घरातलं कुणी तिला काही सांगेना. मलाही प्रत्येकानं बजावलं, तिच्या मनाला उभारी हाय तंवर राहू दे. पहारेकरी पेशी अशाच गप्प बसतात.

गेल्या सुगीला तिचे थोडेच दिवस उरले होते, आणि मला ते माहीत होतं. मी गेले तर ती हिरवं नवं लुगडं नेसून, डोक्याला रुमाल बांधून, भिंतीला धरून उभी. खळ्यावर ने म्हणाली. घराचं मागचं दार आता बुजवलेलं, मागं पत्र्याचं उंच कुंपण, त्याला वळसा घालून पलीकडं फाटक. वीज आणि औषधांच्या दिवसांत तिला पुण्याला माझ्याकडंच ठेवलं होतं, परत आल्यावर खिडकीतून तिला कुंपण दिसायचं, आणि दत्तानं सांगितलं होतं की गुरं शिरतात म्हणून घातलंय. मला त्या खोट्याची किळस आली. मी तिला गाडीत बसवलं आणि वाटेत सांगून टाकलं, की काकी, जमीन विकली, खळ्यासकट.

ती म्हणाली, "इकू दे वावर. खळं कोन इकतंय?"

मी पुन्हा सांगितलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की एवढी शिकलीस आणि एवढं कळत नाही.

आत्ता माझ्यासमोर नव्या निबंधाची छापील प्रत पडली आहे. तो छापण्याआधी एका परीक्षकानं विचारलं होतं: या रोगाचं लक्षण इतक्या लवकर दिसतं, तर तुमच्याकडच्या स्त्रिया इतक्या उशिरा का येतात, एका वाक्यात स्पष्ट करा. मी पानभर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी लिहिलं, सामाजिक कारणांमुळे. त्याचं समाधान झालं. दोन शब्दांत काका, चपला, पोतं, दत्ताची माया, सगळं बसलं. शास्त्राची भाषा फार स्वच्छ असते, तिला काही म्हणता काही लागत नाही.

बाहेर कुणाच्या तरी पट्ट्यात मळणीयंत्र चालू असेल आज. त्याला कुणाची पाळी विचारावी लागत नाही. हे चांगलंच झालं असं मी म्हणायला हवं. म्हणते.

त्या दिवशी फाटकाशी मी गाडी थांबवली. आत खडी पसरली होती, त्यावर सिमेंटचे पाईप रचले होते. काकीनं उतरल्या उतरल्या चपला काढल्या. मी धरायला गेले तर हात झटकला. सरळ चालत फाटकापाशी गेली. आतून पहारेकरी आला. कोवळा, बिहारकडचा असावा, टोपी मोठी झालेली. त्यानं बाईचं वय बघितलं, डोक्याचा रुमाल बघितला, आणि फार अदबीनं म्हणाला, "माताजी, आपको अंदर जाना मना है."

काकी त्याला मराठीत समजावून सांगायला लागली. पोरा, माजं सगळं काडलंय. आता कायबी जात न्हाई. इचार हिला, ही डाक्टरीण हाय. तिनं स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवला. त्याला एक अक्षर कळलं नाही. त्यानं पुन्हा हात जोडले आणि मान हलवली.

ती अनवाणी तशीच उभी राहिली. फाटकाची सळी धरून आत बघत होती. मग माझ्याकडं वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता, लाज होती, ओळखीच्या माणसांत उघडं पडल्यावर येते तशी. अगदी हळू आवाजात, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून, तिनं मला विचारलं,

"ह्याला कुनी सांगितलं गं?"